मी भाव केला नाही ते दिवस

माझ्या घरच्यांना माझा आजार आवडला होता. आजार आहे हे कळल्यावर नाही. तेव्हा सगळे रडले, नवऱ्याला तर घास उतरेना. त्याआधी, तो माझ्या डोक्यात येऊन बसला होता आणि कोणाला ठाऊक नव्हता, तेव्हा. ते दोनेक महिने आमच्या रावेतच्या घरात फार छान गेले, असं मुलगी एकदा बोलून गेली. ते वाक्य मी ऐकलं आणि ठेवून दिलं. लोक म्हणतात, सोडून द्या. मी आयुष्यात काही सोडून दिलं असतं तर आजही दापोडीला रेल्वेलाइनीलगतच्या खोलीत राहत असते.

माझा धंदा लाकडी पॅलेटचा. चाकणच्या कंपन्यांमध्ये माल येतो-जातो तो या लाकडी चौकटींवर. खालच्या बाजूला दोन खाचा ठेवलेल्या असतात. फोर्कलिफ्टचे दोन दात त्यात घुसले की चौकट मालासकट उचलली जाते. माल उतरला की रिकामी चौकट कंपनीला अडगळ होते. आम्ही ती घेतो, तुटकी फळी काढून चांगली बसवतो आणि परत कंपनीलाच विकतो. हा शोध मी लावलेला नाही, पण आमच्या भागात बाईमाणूस म्हणून या धंद्यात मी एकटीच होते. सुरुवातीला मी मोडकी खोकी घ्यायचे ती पाणी तापवायच्या बंबासाठी जळण म्हणून विकायला. एके दिवशी एका कंपनीच्या दारात उभी असताना पाहिलं, की एका दरवाजाने जुनी पॅलेट भंगारात निघालीत आणि दुसऱ्या दरवाजाने नवी कोरी आत चाललीत. त्या दिवसापासून मी जळण विकणं बंद केलं.

नवरा पिंपरीला एका कंपनीत होता. चांगला कामगार, शांत माणूस. भाजीवाल्याने टोमॅटोचा भाव सांगितला की पिशवी उघडून उभा राहायचा. घरात भांडायचं काम माझ्याकडे आणि गप्प बसायचं त्याच्याकडे, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षीच झाली. ती मी केली नव्हती, आपोआप झाली. मुलगी त्याच्यावर गेली. हिंजवडीला नोकरी करते, हळू बोलते.

लाकूड मी बऱ्याच जणांकडून घेते, पण सर्वांत जास्त चिखलीकडच्या एका यार्डातून. तिथल्या मालकांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. वयाने माझ्यापेक्षा मोठे. त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं, त्यांनी लाकूड धरलं. आम्ही वीसएक वर्षं एकमेकांशी भांडतोय. आमच्या धंद्यात पहिला सांगितलेला भाव कोणी खरा धरत नाही. विकणारा तो सांगतो, घेणारा हसतो, मग मालाला नावं ठेवायची, मग एकदा उठून फाटकापर्यंत चालत जायचं, मग विकणाऱ्याने मागून हाक मारायची. हे सगळं व्हायलाच लागतं. ते न करता सौदा झाला तर दोघांनाही वाटतं, आपण फसलो.

"चाचा, ही फळी आहे का पापड? माणूस शिंकला तर उडून जाईल."

"ताई, तुमच्यापेक्षा इन्कमटॅक्सवाले बरे. ते निदान चहा पितात."

असं आमचं चालायचं. एकदा मी रागाच्या भरात त्यांच्या वजनकाट्याला लाथ घातली होती. तर पुढच्या खेपेला त्यांनी काट्यासमोर खुर्ची टाकून ठेवली आणि म्हणाले, बसून मारा, पायाला लागेल.

पहिला आजार पोटातला. पोट फुगायचं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटायचं. मी ते ॲसिडिटीवर ढकललं. तपासणीत अंडाशयाला कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढलं, मग केमो. केस गेले, परत आले. त्या काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर तेव्हा आणखी एक तपासणी झाली होती. तिच्यात हार्मोनचे रिसेप्टर आहेत, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मला तेव्हा त्यात रस नव्हता. गाठ निघाली ना, मग तिच्यात काय होतं याच्याशी मला काय करायचं, असा माझा हिशेब. मी डोक्याला रुमाल बांधून यार्डात गेले आणि पहिल्याच दिवशी चाचांशी असं भांडले की त्यांचा हमाल म्हणाला, बाई पूर्ण बऱ्या झाल्या.

अडीच-तीन वर्षं सगळं ठीक होतं. रक्ताची तपासणी, पोटाचं स्कॅनिंग, सगळं साफ. मग ते शांत दिवस आले.

ते आतून कसे होते हे मला नीट सांगता येत नाही, कारण सांगण्यासारखं काही जाणवतच नव्हतं. राग गेला असं वाटलं नाही. राग कुठे आहे हे बघायला मी गेलेच नाही. डोकं दुखायचं, पण त्याचीही तक्रार करावीशी वाटत नव्हती. सकाळी उठून खिडकीशी बसायचं. एक्स्प्रेसवेच्या बाजूच्या नव्या इमारतींवर क्रेन फिरत असायच्या, त्यांच्याकडे बघत राहायचं. माझ्या यार्डातल्या माणसांचा फोन आला की 'तुम्हीच बघा' म्हणायचं. नवरा टीव्हीचा आवाज हवा तेवढा ठेवायला लागला. मुलीने ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर गोव्याला जाऊ का, असं चाचरत विचारलं आणि मी म्हणाले, "जा." कोण कोण आहे, कुठे उतरणार, परत कधी, काही विचारलं नाही. मुलीने तो 'जा' अख्ख्या ऑफिसात सांगितला म्हणे. पार्टी मागितली तिच्याकडे सगळ्यांनी.

घरी कोणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. वाईट वाटलं ते बाजाराला.

त्या दिवसांत मी एकदा चाचांच्या यार्डात गेले होते. पाइनच्या, म्हणजे परदेशी हलक्या लाकडाच्या पॅलेटचा एक ट्रक आला होता. त्यांनी भाव सांगितला, नेहमीसारखाच अंगावर येईल असा. मी म्हणाले, "बरं, पाठवा."

यातलं मला थोडंच आठवतं, बाकीचं त्यांनी नंतर सांगितलं. ते वाट बघत राहिले. मी मालाला नाव ठेवेन, फळी वाजवून बघेन, निदान हसेन. मी काहीच केलं नाही. तेव्हा त्यांना शंका आली. दुसऱ्या कोणालाही आली असती ती माझ्या तब्येतीची. चाचांना आली ती धंद्याची. ही बाई सांगितलेल्या भावाला हो म्हणते म्हणजे हिला काहीतरी कळलंय. परदेशातून येणारं लाकूड अडकलं असेल, नाहीतर भाव चढणार असतील. नाहीतर ही आणि बरं म्हणेल? त्यांनी लगेच सांगितलं, "ताई, हा ट्रक दुसऱ्याला कबूल केलाय, मीच विसरलो." मी त्यालाही बरं म्हणाले आणि निघून गेले. आता तर त्यांची खात्रीच पटली.

त्यांनी माल दाबला. शेजारच्या यार्डवाल्याने विचारलं, का हो चाचा, विकत नाही? त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि न बोलणं म्हणजे आमच्या बाजारात बोलण्यापेक्षा जास्त. आठवड्याभरात मोशीपासून कुरुळीपर्यंत सगळ्यांनी पाइन दाबून ठेवलं. भाव खरोखरच वर गेला. माझ्या डोक्यात एक गाठ वाढत होती आणि तिच्यामुळे चाकण रस्त्यावर लाकूड महागलं होतं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा हसूही आलं आणि आपण त्या तेजीत एक फळीसुद्धा विकली नाही म्हणून चुटपुटही लागली.

शेवटी चाचांना राहवेना. एका रविवारी ते खजुराचा डबा घेऊन आमच्या घरी आले, मला काय कळलंय ते काढून घ्यायला. वीस वर्षांत ते पहिल्यांदाच घरी येत होते. नवऱ्याने कौतुकाने बसवलं, चहा ठेवला.

"काय ताई, बंदरात कंटेनर अडकलेत म्हणे?"

"असतील."

"मग भाव अजून चढेल?"

"चढेल."

"तुम्ही किती भरून ठेवलाय?"

"काही नाही."

चाचा हसले. असं उत्तर त्यांना अपेक्षितच होतं. भरून ठेवलेला माणूस काही नाहीच म्हणतो. मग त्यांनी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. त्यांच्याकडे पावसात भिजून काळ्या पडलेल्या, बुरशी आलेल्या फळ्या होत्या, ज्या जळणालाही कोणी नेत नव्हतं.

"त्या भिजक्या फळ्या घेता का? कोरड्याच्या भावात देतो," ते म्हणाले.

"पाठवा," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"भाऊ, ताईंना काय झालंय?"

"कुठे काय? मजेत आहे," नवरा म्हणाला. "उलट हल्ली जरा शांत झालीय. देवानं ऐकलं म्हणायचं."

"अहो भाऊ, ही बाई माझ्याकडून सडकी लाकडं कोरड्याच्या भावात घेतेय आणि तुम्ही म्हणता मजेत आहे? माझ्या बापाकडूनही हिनं त्या फळ्या फुकटात नेल्या नसत्या!" मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "ताई, डोकंबिकं दुखतं का?"

"दुखतं."

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हे तो पहिल्यांदा ऐकत होता. मी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण कोणी विचारलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात डोक्याचं स्कॅनिंग झालं. कपाळाच्या मागच्या भागात एक गाठ, आजूबाजूला सूज. डॉक्टरबाई म्हणाल्या, अंडाशयाचा कर्करोग सहसा पोटातच पसरतो, मेंदूत क्वचित जातो, पण जातो. त्या भागात गाठ झाली की माणसाची उभारी जाते, स्वभाव बदलतो, आणि बदललाय हे त्याला स्वतःला कळत नाही. गाठ एकच होती आणि काढता येण्यासारख्या जागी होती. मेंदूच्या सर्जननी ती काढली.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी वॉर्डात नाश्त्याला गार उपमा आला. मी आणणाऱ्याला विचारलं, हा आजचा आहे का गेल्या पेशंटचा? तो बिचारा ताट घेऊन पळाला. मुलगी खुर्चीत बसली होती. ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मला वाटलं, आई परत आली म्हणून रडतेय. तेव्हा मला हेच वाटलं होतं.

पुढचा प्रश्न होता की परत होऊ नये म्हणून काय करायचं. गाठ होती त्या जागेला नेमके किरण द्यायचे हे ठरलेलंच होतं. पण त्यानंतर एखादी हार्मोनची गोळी चालेल का, हे बघायला डॉक्टरबाईंना डोक्यातून काढलेल्या तुकड्याची रिसेप्टरची तपासणी करायची होती. मी लगेच कामाला लागले.

"ती तपासणी झालेली आहे मागे. पोटातल्या गाठीची. रिपोर्ट फायलीत आहे. माल तोच आहे ना?"

"माल तोच आहे," त्या म्हणाल्या, "पण प्रवास करून आलाय. पहिल्या गाठीत जे रिसेप्टर होते ते मेंदूत गेलेल्या गाठीत कधी टिकतात, कधी कमी होतात, कधी सापडतच नाहीत. नुसतं गृहीत धरून औषध द्यायचं नाही मला."

हे मात्र मला त्याच क्षणी समजलं. आमच्याकडून गेलेलं पॅलेट चेन्नईला जाऊन परत आलं तर ते तेच पॅलेट नसतं. वाटेत कोणी फळी बदललेली असते, कोणी ठोकळा काढून दुसरा ठोकलेला असतो, कधी खाच बुजवलेली असते. वरचा शिक्का मात्र आपलाच. अशा पॅलेटला शिक्का बघून मीही पैसे देत नाही, उलटं करून बघते. मी त्यांना विचारलं, रिसेप्टर म्हणजे त्या खाचांसारखं का? हार्मोन येणार, खाचेत घुसणार, पेशीला उचलून कामाला लावणार? त्या म्हणाल्या, जवळपास तसंच. खाच असेल तर आपण फोर्कलिफ्ट बंद पाडू शकतो. खाचच नसेल तर फोर्कलिफ्ट बंद पाडून काही उपयोग नाही, ती गाठ दुसऱ्याच कशानेतरी चालतेय.

"पण अंडाशयं तर तुम्ही आधीच काढलीत. मग हार्मोन येतं कुठून?"

"चरबीतून थोडं बनतं, इतर ग्रंथींतून बनतं. गोळी ते बनणं थांबवते." मग हसून म्हणाल्या, "सगळ्यांनी असे प्रश्न विचारले तर माझी ओपीडी संपायची नाही."

रिपोर्ट यायला वेळ होता. किरणांचे दिवस झाले आणि मी घरी वाट बघत बसले. खाचा आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न. असल्या तर हातात एक गोळी, एक आडकाठी. नसल्या तर पुन्हा केमो, आणि केमोतली बरीचशी औषधं मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीत हे मी विचारून घेतलं होतं. मी वाट बघण्यात कच्ची आहे. त्या काळात मी घरात सगळ्यांवर ओरडले. दूधवाल्यावर, सोसायटीच्या सेक्रेटरीवर, नवऱ्याने दोरीवर वाळत टाकलेल्या चादरीवरसुद्धा.

आणि तेव्हा मुलगी ते बोलली. मुद्दाम नाही. मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, बाल्कनीत, मला वाटतं मी झोपलेय असं समजून.

"नाही गं, बरी आहे ती. एकदम फॉर्मात. खरं सांगू का, ते आधीचे दोन महिने ना, घरात इतकं छान होतं…"

पुढचं मी ऐकलं नाही. ती आत आल्यावर मी काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हणून ती घाबरली, आणि तिने बाबांना जाऊन सांगितलं की आई गप्प आहे, बघा जरा. म्हणजे गप्प असण्याची भीती आता त्यांना वाटत होती. तेव्हा वाटली असती तर!

माझी तक्रार नीट मांडते, कारण लोकांना ती चुकीची कळते. मला लोकांनी चांगलं म्हणावं ही माझी हौस नाही. माझ्या तोंडाचा घरच्यांना त्रास होतो हे मला माहीत आहे, आणि त्याच तोंडाच्या कमाईवर हा फ्लॅट घेतलाय हेही त्यांना माहीत आहे. माझी तक्रार एवढीच, की एक माणूस आपल्या घरातून हळूहळू निघून चाललं होतं आणि घरच्यांना हवा खेळती झाल्यासारखं वाटलं. ओळखलं कोणी, तर माझ्याकडून दोन पैसे जास्त मिळवायला टपलेल्या व्यापाऱ्याने.

रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरबाईंनी आधी हसून बघितलं, त्यावरून मला अंदाज आला. रिसेप्टर आहेत. पहिल्या गाठीपेक्षा कमी, पण आहेत. गोळी सुरू करू. ती मेंदूत नक्की किती काम करेल याची हमी कोणी देणार नाही, पण सुरू न करण्यापेक्षा करणं चांगलं. सांधे दुखतील, अंगातून वाफा निघाल्यासारखं होईल, झोप कमी होईल, चिडचिड होऊ शकते.

"म्हणजे आणखी?" नवऱ्याने विचारलं.

त्याने विनोद म्हणून नाही विचारलं. खरोखर, मनापासून, आकडा किती असेल अशा आवाजात विचारलं. डॉक्टरबाईंना कळेना हसावं की काय. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

मग त्या गंभीर झाल्या. "एक महत्त्वाचं. स्कॅनिंग ठरल्याप्रमाणे होत राहील, पण दोन स्कॅनिंगच्या मध्ये काही झालं तर ते आधी वागण्यात दिसेल. यांना स्वतःला ते कळणार नाही. बरोबरच्या माणसाला कळलं पाहिजे. मागच्या वेळी पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?"

नवरा मांडीवरची फाइल सरळ करायला लागला.

"लाकूडवाल्याच्या," मी म्हणाले.

"बरं. पण घरात कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. यांचा नेहमीचा स्वभाव कसा, हे ज्याला पक्कं माहीत आहे असं कोणीतरी." त्या नवऱ्याकडे बघत होत्या. "तुम्ही ठेवाल ना?"

"ठेवीन," तो म्हणाला.

मला हसू येत होतं. उरलेलं आयुष्य त्या एका 'ठेवीन'वर ठेवायचं होतं, आणि ते म्हणणारा माणूस टोमॅटोचा भाव ऐकून पिशवी उघडणारा.

परत येताना गाडी तोच चालवत होता. निगडी आली. सिग्नलला थांबल्यावर मी म्हणाले, "तुम्हाला दिसत होतं की नव्हतं, तेवढं सांगा."

सिग्नल सुटला तसा त्याने गियर टाकला. मग म्हणाला, "दिसत होतं."

"मग?"

"मला वाटलं, दमलीस. एवढी वर्षं सगळ्या जगाशी भांडत होतीस, शेवटी दमलीस आणि बसलीस. दमून बसलेल्या माणसाला कोण उठवतं?"

मला हे पटलं. खोटं बोलत नव्हता तो, खोटं त्याला जमतच नाही. पण पटलं म्हणून राग गेला असं नाही. मला पटलेल्या कितीतरी गोष्टींचा मला राग आहे. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि तो गाडी नेहमीसारखी डाव्या कडेने, सगळ्यांना पुढे जाऊ देत चालवत राहिला.

गोळी सुरू झाली. सकाळी उठताना बोटं आखडलेली असतात, जिन्यावर गुडघे बोलतात. भर थंडीत मी पंखा लावते आणि मुलगी स्वेटर घालून बसते. माझ्या यार्डात मी आता रोज जात नाही, पण जाते. सौदे मीच करते. ज्यांनी माझ्या 'बरं'वर माल दाबून ठेवला होता, त्यांच्यापैकी काहींना भाव उतरल्यावर तो तोट्यात काढावा लागला, आणि ते मला दोष देतात. मी म्हणते, मी तुम्हाला दाबून ठेवा म्हटलं होतं का?

नवऱ्यात मात्र एक बदल मला जाणवायला लागला. हा माणूस उकरून काढून भांडायला लागला. आधी मला कळेना हे काय चाललंय. एकदा जेवताना म्हणाला, "आता सगळीकडे प्लास्टिकची पॅलेट येतायत. लाकडाचा धंदा काही चालायचा नाही." मी ताट बाजूला सारून प्लास्टिकच्या पॅलेटला वजन किती पेलतं, तुटलं तर दुरुस्त होतं का, परदेशात पाठवलं तर परत कोण आणून देणार, सगळं त्याला ऐकवलं. तो मान हलवत जेवत होता. नंतर निवांत झोपला. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "तुझ्या भावाचं तेव्हा चुकलं नव्हतं तसं पाहिलं तर." माझ्या भावाचं काय चुकलं होतं ते घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पुन्हा तो निवांत झोपला. कधी तो असं काही बोलायचा की त्याच्या कपाळावर घाम दिसायचा. आयुष्यात कोणाला उलट उत्तर न दिलेला माणूस, त्याला ते किती जड जात असेल.

मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा मोबाइलमध्ये लिहून ठेवतात, कुठल्या विषयावर तू चिडतेस. विषय संपत आलेत म्हणाले."

मी त्याच्यावर खूश झाले असं कोणी समजू नये. दोन महिने जे करायला हवं होतं ते हा आता करतोय, आणि करतोय तेही वाईट. भांडण उकरायचं तर आधी आवाज बदलावा लागतो, समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागतं. हा आमटीत बघून भांडतो. मी त्याला तसं सांगितलंही.

गेल्या आठवड्यात स्कॅनिंग झालं. यावेळीही डोक्यात नवीन काही नाही. डॉक्टरबाईंनी पुढची तारीख दिली. घरी आल्यावर त्याने चहा केला, समोर बसला. मुलगी ऑफिसात होती. घर शांत होतं. मी म्हणाले, "एक खरं सांगा. त्या दोन महिन्यांत तुम्ही सुखात होता ना?"

त्याने कपात बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "होतो," तो म्हणाला.

"आणि आता?"

"आता कुठलं?"

मग मी सुरू झाले. लग्नापासून काढलं. त्याची बहीण, पहिली खोली, कंपनीने दिलेलं घड्याळ, माझा ट्रकभर माल अर्ध्या भावात विकून आला होता तो दिवस, सडक्या फळ्यांचा रविवार, सगळं. तो हलला नाही. चहा गार झाला तरी कप हातात धरून, एखादं मशीन नीट चालतंय का हे कान देऊन ऐकावं तसा ऐकत होता. बोलता बोलता मला धाप लागली म्हणून मी जरा थांबले, तर पुढे वाकून म्हणाला, "झालं? एवढंच?"